फणसाखालचा भुईचाफा

पासलीच्या रतनबाईला लग्नानंतर दोन वर्षांतच देवी आल्या. माहेरचं माणूस भीतीनं उंबऱ्याशी फिरकलं नाही. पण सासू, बयाबाई, लिंबाचा डहाळा हातात घेऊन तिच्या अंथरुणाशी बसून राहिली. रतन वाचली, मात्र तोंडावर वण राहिले. भावकीतल्या कुणी मुलासाठी दुसरी बायको बघायची गोष्ट काढली, तेव्हा बयाबाई ताडकन म्हणाली, "माझी सून मला पुरती हाये. पुन्यांदा ह्यो इषय माझ्या दारात नगं."

त्याला बरीच वर्षं लोटली. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली बयाबाईचे डोळे बिघडले. भोरच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि ऊन वर्ज्य सांगितलं. पुढच्या अंगणात झेंडू फुलायचा, पण तिथला लखलखाट तिला सोसेना. ती दिवसभर मागच्या परसात फणसाखाली बसू लागली. तिथं गारवा होता, पण जमीन उघडीबोडकी. कधी कुरकुर न करणारी बयाबाई एकदा बोलून गेली, "फुलाचा रंग बघून लई दिस झालं गं."

रतनच्या जिवाला ते लागलं. तिनं फणसाखाली झेंडू लावला. तो उजेडाकडं मान काढत लांबला नि आडवा पडला. शेवंती लावली, ती कुजली.

श्रावणात वरच्या धनगरवाड्यावरची आक्काबाई तूप घेऊन आली. मेलेली रोपं बघून ती म्हणाली, "उन्हातली लेकरं सावलीत कशी जगत्याल? रानात झाडाखाली आपसूक काय वाढतं ते बघ की. चल माझ्यासंगं."

दोघी ओढ्याकाठच्या गच्च झाडीत गेल्या. वाटेवर उतारभर तेरडा फुलला होता. रतन हरखून वाकली, तशी आक्का म्हणाली, "त्यो उघड्यावरचा. तुज्या फणसाखाली न्हाई टिकायचा."

आत, ओल्या पालापाचोळ्यात, चवरीची, म्हणजे रानहळदीची, गुलाबी कणसं उभी होती. "ही घे. हिला सावली मानवती." मग आक्कानं रुंद पानांची एक जोडी उचलून पालथी केली. खालची बाजू जांभळी होती. "ह्यो भुईचाफा. ह्यो तर घेच."

कंद उकरता उकरता आक्कानं विचारलं, "सासूपायी येवढी धडपड?"

रतन तोंडावरच्या वणांवरून हात फिरवत म्हणाली, "ती नसती तर म्या आज कुठं असते, आक्का?" आणि तिनं सगळं सांगितलं. आक्कानं कंदांचं ओझं रतनला उचलू दिलं नाही. पासलीपर्यंत स्वतःच्या डोक्यावरून आणलं, फणसाखाली पाणी साचू नये म्हणून चर काढून दिला आणि मगच वाड्याची वाट धरली.

चवरीनं महिनाभर परस उजळून टाकलं. बयाबाई डोळे बारीक करून बघत बसायची. पण दिवाळी सरली तशी पानं पिवळी पडली आणि जमीन पुन्हा बोडकी झाली. रतनला वाटलं, आपल्याच हाताला यश नाही. कंद उकरून टाकायला तिनं कुदळ उचलली.

"ऱ्हाऊ दे," बयाबाई म्हणाली. "माती काय पळून जातीय व्हय?"

वैशाखातल्या एका सकाळी रतन भाकऱ्या थापत होती. परसातून सासूची हाक आली, "रतने, वास कशाचा येतोय गं?"

ती पिठाच्या हातानं धावली. वाळल्या पाचोळ्यातून, एक पान नसताना, थेट मातीतून भुईचाफ्याची पांढरी फुलं वर आली होती. पाकळीच्या पोटात जांभळी छटा. बयाबाई घोंगडीवरून खाली उतरून ओणवी झाली होती. तिनं फूल तोडलं नाही. नाक त्याच्याजवळ नेऊन ती कितीतरी वेळ तशीच राहिली.

"दिसतंय का, आत्याबाई?"

"दिसतंय. जांभळं बी दिसतंय." तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "त्या आक्कानंच दिलं न्हवं हे?"

दुसऱ्या दिवशी रतन धनगरवाड्यावर जाऊन आक्काबाईला जेवायला घेऊन आली. बयाबाईनं तिला आपल्या शेजारी फणसाखाली बसवलं आणि तिचे घट्टे पडलेले हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावले.

"अवं, हे काय करताय? म्या फकस्त रान दावलं," आक्का ओशाळून म्हणाली.

"दावणारं तरी कोन भेटतं?" बयाबाई म्हणाली.

रतननं आक्काच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, आणि ती नको नको म्हणत असताना वर तुपाची धार सोडली.