पिवळ्या मुरुमापर्यंत

"मांजी, जरा पीछे सरको, मिट्टी उड़ेगी," म्हणत गेंदालाल मिस्त्रीने कुदळ उचलली. प्रेमलताबाई जागच्या हलल्या नाहीत. कुदळ मातीत रुतली.

परसाच्या कोपऱ्यात चुन्याने लहानसा चौकोन आखला होता आणि शेजारी सिमेंटचे ब्लॉक रचून ठेवले होते. भूषणला बागेचं सामान ठेवायला खोली हवी होती. बाग ती केवढी, वाळत घातलेल्या दोन लुगड्यांएवढी! पण चिरंजीवांनी गवत कापायचं यंत्र आणलं, फवारणीचा पंप आणला, आणि आता त्या सामानाला घर बांधून देणं आलं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

"अरे, त्या बाजूला कर ना ती खोली," त्या पुन्हा म्हणाल्या.

"आई, तिकडे बोरिंग आहे ना! कितनी बार सांगू तुला? तू आत जाऊन बस, उगाच टेन्शन नको घेऊ."

"मग वरच्यावर बांधा. इतकं खोल कशाला?"

उत्तर गेंदालालने दिलं. "काली मिट्टी है मांजी. बारिश में फूलती है, गर्मी में फटती है. छोटा सा कमरा है, पूरा चौकोर खोद देता हूँ, पीला मुरम लगने तक. नहीं तो दीवार चिर जाएगी."

मुरूम म्हटल्यावर बाईंना जुनं बोलणं आठवलं. भूषणच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. ती अंगावर पीत असतानाच गेली. इतक्या तान्ह्या जिवाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. बाई तापाने अंथरुणाला खिळलेल्या, रडणं काही थांबेना. तेव्हा नवरा, जयसिंगराव, उशाशी बसून म्हणाले होते, "लांब नाही नेलं तिला. आपल्याच परसात ठेवलीय, भिंतीच्या कोपऱ्यात. मुरूम लागेपर्यंत खणलं मी. कुत्री-मांजरं उकरायची नाहीत, तू भिऊ नकोस."

त्या कोपऱ्यात मग कधी फावडं लागलं नाही. दर अक्षय तृतीयेला दोघं तिथे दूध शिंपडायचे. वास्तुपुरुषाची जागा आहे, असं भूषणला सांगून ठेवलं होतं. जयसिंगराव गेल्यावर भूषणने शहराबाहेर सुपर कॉरिडॉरकडे नवा फ्लॅट बघितला, तो बाईंनी हाणून पाडला. लेकीला एकटं टाकून जायचं कसं?

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर जन्मभर लपवलेलं, न सांगावं तर ही कुदळ. हाडं निघाली तर मिस्त्री ओरडेल, मोहल्ला गोळा होईल, पोलीस येतील. तिला पोत्यात घालून नेतील. पुढचा विचार करायची त्यांना हिंमत होईना.

फावड्यातून पांढरं काहीतरी उडून त्यांच्या पायाशी पडलं. बाई ते उचलायला वाकल्या.

"कंकर है मांजी, काली मिट्टी में निकलता है," गेंदालाल म्हणाला.

उन्हं चढली. खड्डा गेंदालालच्या कमरेपर्यंत आला. बाई पदराचं टोक दातांत धरून उभ्या होत्या. शेवटी कुदळीचा आवाज बदलला, आणि तळाला पिवळा मुरूम दिसू लागला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, स्वच्छ.

"लो, लग गया!"

बाईंनी दातांतला पदर सोडला. काहीच निघालं नव्हतं. मग त्यांनी पुन्हा वाकून तळाकडे पाहिलं. काहीच कसं निघालं नाही?

"भैया," त्यांनी विचारलं, "इथे पहले कोणी खोदलं असेल, तर कळतं का?"

"कळतं ना. एक बार खुद जाए तो काली-पीली मिल जाती है, फिर अलग नहीं होती. ये देखो, कैसी साफ लकीर है. यहाँ तो आज तक किसी ने हाथ नहीं लगाया."

जयसिंगराव खोटं बोलायचे नाहीत, अशी सगळ्या नात्यात ख्याती. आणि हा माणूस दर वर्षी शेजारी उभा राहून हात जोडत होता! बायको जगावी म्हणून बोलले असतील. पण मग पोर नेली कुठे? कुठल्या नदीकाठी, कुठल्या माळावर? सांगणारा एकच होता, तोही गेला. सकाळपासूनची भीती या भीतीपुढे काहीच नव्हती.

"अजून खोद," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे खोद. त्या बाजूलाही."

"आई, खोली एवढीच आहे! काय शोधतेयस तू?"

बाईंनी तोंड उघडलं. नाव घ्यायचं, तर बारसं कुठे झालं होतं?

"तुझी मोठी बहीण," त्या म्हणाल्या.

गेंदालालने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा त्या कोऱ्या मातीकडे. मग कुदळ उचलून त्याने खड्ड्याबाहेर ठेवली, पायातल्या चपला काढल्या, आणि भिंतीकडची माती हातांनी उकरायला लागला.