उंची कळायला हवी म्हणून

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. कपाटात, स्वेटरांच्या मागे, चामड्याच्या पिशवीत माझा मुक्काम असतो. माझी तक्रार एकच आहे आणि ती माझ्या मालकाबद्दल आहे. तो वाईट माणूस नाही, म्हणूनच सांगताना जड जाते.

काचा घासून, स्क्रू पिळून कारखान्यात मला घडवले, तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. दुकानातून मला उचलले ते इमारतींचे आराखडे काढणाऱ्या एका माणसाने. कचेरीत त्याला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. सुट्टीच्या दिवशी तो, त्याची बायको आणि मुलगी डबा घेऊन निघत. कधी पडका बुरूज, कधी नदीचे वळण, कधी तळ्यावरचे बगळे. माझी नुसती चंगळ होती.

आता त्याची खोड ऐका. आराखड्यात इमारतीशेजारी एक चिमुकला माणूस काढतात, म्हणजे तिची उंची कळते. फूटपट्टीने फोटोतही तेच चालवले.

"अगं, त्या कमानीखाली उभी राहा. अजून मागे. अजून!"

"अहो, आता मुंगीएवढी दिसत असेन मी!"

"तेच तर हवंय. कमान केवढी आहे ते कळायला नको?"

ती हसत हसत मागे जाई. बुरुजापाशी ती, म्हाताऱ्या झाडापाशी ती, चरणाऱ्या घोड्यापाशीही तीच. फोटो कचेरीच्या भिंतीवर लागले, वाहवा झाली आणि मी हुरळून गेलो. तिचा चेहरा कशातच आला नाही, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

वर्षे गेली. मुलगी मोठी झाली. आईला विसर पडू लागला. आधी चष्म्याचा, मग गॅसचा, मग घरच्या रस्त्याचा. सहली थांबल्या आणि मी कपाटात गेलो. एका दुपारी ती भाजी आणते म्हणून बाहेर पडली, ती परतलीच नाही.

पोलीस घरी आला. "चेहरा स्पष्ट दिसेल असा अलीकडचा फोटो द्या. दवाखान्यांत लावतो."

मुलीने सगळे अल्बम जमिनीवर ओतले. फूटपट्टी भिंग घेऊन एकेक फोटो पाहू लागला.

"बाबा, एक तरी! बुरुजाचा दगड न् दगड मोजता येतोय, आणि आईला नाक-डोळेच नाहीत."

शेवटी त्यांनी लग्नातला फोटो दिला.

"काका, ही तर विशीतली मुलगी आहे," पोलीस म्हणाला. "आम्ही शोधायचं कुणाला?"

कपाटात मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मुलीने एकेक दवाखाना पालथा घातला. शेवटी एका दवाखान्यात आई सापडली. तिला आपले नाव सांगता येत नव्हते. लग्नातला तो फोटो तिथल्या भिंतीवर लावलेला होता आणि त्याच्याच खालच्या बाकावर ती रोज बसत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही तिला ओळखले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टीने मला पुसले, रोल भरला आणि तिच्या वॉर्डात नेले. मला पाहताच ती लगबगीने उठली.

"अहो, कुठे उभी राहू?"

"आहेस तिथेच. मीच येतो जवळ."

तो एक पाऊल पुढे आला. ती एक पाऊल मागे गेली. तो पुन्हा पुढे आला, ती पुन्हा मागे. होता होता तिची पाठ भिंतीला टेकली.

"आणखी मागे जागा नाही हो," ती ओशाळून म्हणाली.

त्याने मला डोळ्यावरून खाली घेतले. बटण न दाबताच त्याने मला पिशवीत ठेवले.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला ओलीपासून जपा, हे सांगायचे आहेच. पण बुरूज-डोंगर कुठे पळून जात नाहीत. आपल्या माणसाच्या जवळ आधी जा, आणि वेळेवर जा. जन्मभर मागे उभे केलेले माणूस हाक मारल्यावर पुढे येतेच असे नाही.