चौघांचं टेबल

दोन हजार अकरा साल. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, दोन्ही मुलं दूर देशी. एकटीसाठी स्वयंपाक करायचा माझ्या जिवावर येई.

धाकट्या दिरांचं आठ टेबलांचं हॉटेल होतं. त्यांची मुलगी, लोकांना घरबसल्या हॉटेलात टेबल राखून देणाऱ्या एका कंपनीत कामाला. त्या कंपनीच्या यादीत आमचं हॉटेल चाळिसावं. "वर्षअखेरीपर्यंत पहिल्या दहात नाही आलो, तर कुलूप लावणार," भाऊजी म्हणाले. बोलेल तसं करणारा माणूस.

"वर कसं यायचं गं?" मी पुतणीला विचारलं.

"कुणी नेत नाही, काकू. पडद्यामागे एक प्रोग्राम दर तासाला आपोआप चालतो. कुणाकडे किती जणांचं बुकिंग ते मोजतो, क्रम बदलतो. त्याला ना काका ना मामा."

मी तेवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या कंपनीतर्फे मी रोज दुपारी एकला चौघांचं टेबल राखू लागले.

भाऊजी कोपऱ्यात चार ताटं मांडत. मी एकटीच जेवायची. "बाकीचे?" त्यांनी दोन-तीनदा विचारलं. "येतीलच," मी म्हणे. मग विचारणं थांबलं. पण मी उठेपर्यंत ती तीन ताटं ते कुणाला हलवू देत नसत. खरं सांगते, महिन्याभरात यादी मी विसरलेच. त्या ताटांच्या सोबतीला जात राहिले.

तीन महिन्यांनी हॉटेल एकसष्टावं झालं. पुतणी भर दुपारी तणतणत आली.

"बाबा, रोज तीन जण आले नाहीत, असं संगणकात तुम्हीच लिहिताय!"

"एकच आलं, तर चार कसे लिहू?"

"अहो, राखलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तो प्रोग्राम गुण कापतो! रोज तीन! कोण आहे हे शहाणं गिऱ्हाईक?"

मी घास ताटात ठेवला. "मी गं," म्हटलं. "तुमचा नंबर वर जावा म्हणून."

भाऊजी माझ्याकडे वळले. "मला वाटलं वहिनी, तुम्ही दादासाठी आणि पोरांसाठी जागा धरता. म्हणून गप्प बसलो."

तेही खोटं नव्हतं.

पुतणीने दुसऱ्या दिवसापासून माझं एकटीचं टेबल लावलं. नंबर सावरला, पण सव्विसाव्यावर अडला. वर्ष संपलं आणि भाऊजींनी कुलूप लावलं. मला शब्दानेही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

पुढे ते एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागले, सहा वर्षांपूर्वी गेले. पुतणीने ती कंपनी सोडली. आता गणित शिकवते, वाढदिवसाला फोन करते. मुलं तिकडेच स्थिरावली. त्या जागेत चष्म्याचं दुकान आलं. माझा नंबर वाढला तरी मी पलीकडच्या गल्लीतून चष्मा करून आणते.