मी छापलेलं चुकीचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. माझ्या पाठीवरच्या पितळी पट्टीवर ‘चक्रमुद्रण यंत्र’ असं भारदस्त नाव कोरलेलं आहे, पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. आता माझं हँडल गंजलं आहे आणि ड्रमवर कुणीतरी लसणाच्या गड्ड्या वाळत घातल्या आहेत. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. लसूण बियाण्याचा आहे, म्हणजे मी अजून घरच्याच कामात आहे.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यातला. माझं काम सोपं, पण नाजूक. मेणाच्या पातळ कागदाला स्टेन्सिल म्हणतात. त्यावर टाइपरायटरनं किंवा टोकदार लोखंडी लेखणीनं अक्षरं टोचायची, तो माझ्या ड्रमवर ताणून बसवायचा, पोटात शाई भरायची आणि हँडल फिरवायचं. टोचलेल्या जागेतून शाई झिरपते आणि कागदामागून कागद छापून बाहेर पडतो. मी छापते तेच जे मला दिलं जातं. अक्षर बरोबर असो की चूक, मी सगळ्यांना सारखंच वाटते. याच गुणाचा मला अभिमान होता आणि याच गुणानं एकदा माझी मान खाली गेली.

रेल्वेनं मी सांगलीला आले, ती एका हायस्कुलात. तिथं दहा वर्षं मी परीक्षांचे पेपर छापले. हँडल नानासोंच्या हातात असायचं. नानासो म्हणजे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शाळेत कारकून झालेले गृहस्थ. मिशा ताठ, सदऱ्याला इस्त्री आणि प्रत्येक गोष्ट शिस्तीत. पेपर छापून झाले की ते वापरलेली स्टेन्सिल आणि खराब झालेले कागद मोजून मैदानात नेत आणि स्वतः उभं राहून जाळत. पोरांनी काय कमी उद्योग केले? कुणी खिडकीला नाक लावलं, कुणी शिपायाला पेरू दिले. पण दहा वर्षांत माझ्या पोटातला एक प्रश्न बाहेर गेला नाही. सांगा बरं, असं किती जणांना छातीठोकपणे सांगता येईल?

बहात्तर साली शाळेनं विजेवर चालणारी नवी मशीन घेतली. त्याच वर्षी नानासो निवृत्त झाले. त्यांनी मला विकत घेतलं आणि हातगाडीवर घालून गावभागातल्या आपल्या घरी आणलं. गल्लीतले लोक म्हणाले, म्हातारपणी हे काय लोढणं गळ्यात बांधून घेतलं! नानासो म्हणाले, “दोघंबी एकदमच रिटायर झालोय. एकमेकांला सोबत हुईल.”

नानासोंना परसबागेचा नाद होता. तेव्हा दुष्काळाची दोन वर्षं सरत आली होती आणि कितीतरी घरांतलं जुनं बियाणं संपलं होतं. पेरायला राखलेलंही लोकांनी शिजवून खाल्लं होतं. मग नानासोंनी ‘परसबाग छंद मंडळ’ काढलं. ज्याच्याकडे जे बी असेल त्यानं ते कागदाच्या पुडीत घालून टपालानं दुसऱ्याला पाठवायचं, एवढाच त्याचा नियम. दर महिन्याला मी मंडळाची चार पानी पत्रिका छापत असे. कुपवाडच्या कारखान्यातला फिटर आकाराम रविवारी येऊन मला तेलपाणी करायचा. वर्षभरात शिरवळपासून मिरजेपर्यंत एकशे चौतीस सभासद झाले. तांबडा भोपळा, काटेरी वांगं, गावरान काकडी, सगळं टपालानं हिंडू लागलं. परीक्षेचे पेपर पोरांना रडवायचे. या पत्रिकेनं मात्र लोकांची अंगणं हिरवी झाली. माझी छाती अशी कधीच फुगली नव्हती.

सगळ्यांत गाजला तो अंजनाचा काळा पावटा. अंजना माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीवरची सून. नवरा हिंदुराव फौजेत. घरी ती आणि सासू चंद्राबाई, दोघीच. दुष्काळात तिनं न्हाणीचं पाणी घालून चार वेल जगवले आणि त्याचं बी चाळीस घरांत पोचवलं. दर महिन्याला तिचं कार्ड येई. नानासो ते बायकोला, म्हणजे सुलाबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवत. तिचं अक्षर पावट्याच्या दाण्यासारखं टपोरं होतं.

मंडळाला वर्ष झालं, तेव्हा नानासोंनी सगळ्या सभासदांची यादी छापायचं ठरवलं. नाव, पूर्ण पत्ता आणि बियाणं. पण पानावर उजवीकडे जागा उरली, आणि उरलेली जागा रिकामी ठेवणं हवालदाराच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ‘विशेष’ असा एक रकाना घातला. त्यात काय लिहावं? सभासदांच्या पत्रांतून जे कळलं होतं ते. तेवीस बायकांच्या नावांपुढे त्यांनी अभिमानानं टाइप केलं: ‘पती सैन्यात.’ आमच्या भागात घराघरांतून माणूस फौजेत. ही काय लपवायची गोष्ट? टाइप करताना त्यांचा ऊर भरून आला होता. त्या भरात ‘अंजना’चं ‘अंजान’ झालं. चूक झाकायचं लाल औषध बाटलीत वाळून गेलं होतं. नानासो म्हणाले, “जाऊ दे. कळतंय की.”

मीही ते नाव दीडशे वेळा तसंच उमटवलं. बियाण्याच्या यादीत कसली आली गुप्तता, म्हणून या वेळी ना स्टेन्सिल जाळली, ना खराब कागद. उरलेल्या प्रती वाचनालयात ठेवल्या, कुणालाही नेता याव्यात म्हणून.

दोन महिन्यांत गंमत सुरू झाली. आकारामला उंची वाढवायच्या गोळ्यांची जाहिरात आली. आकाराम सहा फुटी. आमच्या खोलीत वाकून यायचा. तो म्हणाला, “नानासो, ह्या गोळ्या खाल्ल्या तर तुमचं कौलच काढाय लागंल गड्या!” कुणाला सोडतीची पत्रं आली, कुणाला न मागवलेल्या घड्याळाची, पैसे मोजून सोडवायची व्ही.पी. सगळे हसले. मग हळूहळू बायकांची कार्डं येईनाशी झाली. एकीनं लिहिलं, ‘अनोळखी पुरुषांची पत्रे येतात, घरी बोलणी बसतात, माझे नाव काढा.’ अंजनाची तर दोन महिने ओळसुद्धा आली नाही. पावटा वाळला असेल, असं नानासोंना वाटलं. मला मात्र राहून राहून ती वाचनालयातली चळत आठवत होती. माझ्यातून बाहेर पडलेला कागद माझ्याच्यानं परत बोलावता येत नाही.

एके दिवशी दुपारी दारात दोन बायका उभ्या राहिल्या. विट्याला एसटी बदलून आल्या होत्या. पुढची म्हातारी चंद्राबाई, डोळे खोल गेलेले. मागं अंजना, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

“तुमीच का त्ये नानासो?” चंद्राबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली. “आवं, तुमच्या मंडळाच्या नादापायी देव कोपलाय, माझ्या लेकाच्या जिवावर बेतलंय!”

“बसा आक्का. सुला, पाणी आण,” नानासो गडबडले. “काय झालंय सांगा तरी.”

अंजनानं फडकं सोडलं. वर एक छापील कार्ड होतं. नानासोंनी ते वाचलं, आणि वाचता वाचता त्यांच्या ताठ मिशा खाली आल्या. कार्डावर लिहिलं होतं: ‘देवाच्या आज्ञेने हे पत्र आपल्या दारी आले आहे. आपले पती सैन्यात आहेत. नऊ दिवसांत अशी अकरा पत्रे अकरा घरी पाठवा. न पाठविल्यास सीमेवरून वाईट बातमी येईल.’ खाली बारीक अक्षरात रक्षाकवच मागवायचा पत्ता होता.

“उद्या नववा दिस हाय,” चंद्राबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

“आत्ती आठ दिस जेवल्या न्हाईत. निस्तं पाणी घेत्यात,” अंजना म्हणाली. तिनं खालची कार्डं पुढं केली. “ही अकरा मी लिवून ठिवल्यात. पर टाकली न्हाईत. कुणाला धाडायची? तुमच्या यादीतच बघितलं. ज्यांचं मालक फौजेत हायत, त्या बायांची नावं घातली. आन मग हात थांबला. ह्या बायांनी माझा पावटा लावलाय, नानासो. त्यांच्या घरात मी ही धडकी कशी घालू? आन न घालावं, तर आत्तींच्या पोटात अन्न जात न्हाई. तुमी सांगा काय करू.”

नानासो ती अकरा कार्डं उलटीसुलटी करू लागले. मित्रांनो, मी मात्र त्या पहिल्या कार्डाकडे बघत होते. पत्त्यावरचं नाव मला तिथूनही दिसत होतं. स्वतःच्या पोटातून दीडशे वेळा गेलेली चूक कोण विसरेल? मला तोंड असतं तर मी ओरडले असते. अखेर नानासोंची नजर तिथं अडकली. ते उठले, फळीवरून यादीचं चौथं पान काढलं आणि कार्डाशेजारी धरलं.

“आक्का,” ते म्हणाले, “ही चूक माझ्या हातची हाय.”

“कसली चूक?”

“तुमच्या सुनेचं नाव. मी टाइप करताना चुकलो आन तसंच छापलं. अंजान. ह्या कार्डावरबी तेच हाय. अंजान.”

चंद्राबाईनं पदर खाली घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण हिशेब पक्का होता. ती एकदा पानाकडे, एकदा कार्डाकडे बघू लागली.

“म्हंजी, देवानं तुमच्या कागदावरनं नाव उतरून घेतलं व्हय?”

अंजनानं वाकून दोन्ही नावं पडताळली आणि मान हलवली. धास्तीत तिनं पत्त्यावरचं नाव नीट बघितलंच नव्हतं.

“आवं, लगीन लागताना देवाम्होरं हिचं नाव घेतलंय आमी! त्याला ठावं न्हाई हिचं नाव?” म्हातारीचा आवाज चढत गेला. “ह्यो कसला देव? ह्यो तर कुणीतरी भामटा! आन एका कारडानं माणूस मरत आसता, तर सरकारनं तोफा कशाला घेतल्या आसत्या?” मग ती एकदम खाली बसली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. “सुलाबाय, भाकरी हाय का वं घरात?”

सुलाबाई रडत हसत आत धावल्या. आकाराम असता तर त्यानं कौलापर्यंत उडी मारली असती. मलाही फार आनंद झाला.

अंजना मात्र हसली नाही.

“आत्तीचं भ्या गेलं,” ती म्हणाली. “माझं न्हाई गेलं. अनोळखी बाप्यांची पत्रं मलाबी येत्यात, म्हणून दोन म्हयनं तुमाला लिवलं न्हाई. नानासो, मालक फौजेत हायत ह्ये मी पत्रात लिवलं हुतं ते तुमाला. साऱ्या मुलखाला न्हाई. घरात दोगी बायाच असत्यात, ह्ये आता कुणाकुणाला ठावं झालं, तुमी सांगू शकता?”

“न्हाई,” नानासो म्हणाले. मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “मला अभिमान वाटला पोरी, म्हणून घातलं.”

“अभिमान मलाबी हाय. पर त्यो सांगायचा तर मी सांगीन.”

मित्रांनो, ते वाक्य मला लागलं. परीक्षेच्या प्रश्नांना मी दहा वर्षं जपलं, आणि जिवंत माणसांच्या घराची गोष्ट दीडशे कागदांवर वाटून मोकळी झाले. पेपर फुटला असता तर परीक्षा परत घेता आली असती.

नानासोंनी त्याच दुपारी यादीची स्टेन्सिल आणि उरलेले खराब कागद काढले आणि चुलीपाशी नेले. अंजनानं त्यात आपली अकरा कार्डं घातली. देवाच्या नावाचं बारावं चंद्राबाईनं स्वतःच्या हातानं घातलं. त्याच जाळावर सुलाबाईंनी चहा केला. मग नानासो नवी स्टेन्सिल घेऊन टाइपरायटरपुढे बसले. पहिली ओळ त्यांनी स्वतःची टाइप केली: ‘यादीत सभासदांची घरगुती माहिती न विचारता छापली. चूक माझी. यादी सर्वांनी परत पाठवावी.’ खाली पूर्ण नाव, हुद्द्यासकट. हवालदारानं सगळ्यांदेखत चूक कबूल करणं सोपं नसतं. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःचाही कधी वाटला नाही.

पुढच्या अंकापासून नावांऐवजी नुसते नंबर आले. कुणाला काही हवं असेल तर पत्र मंडळाकडे यायचं आणि आकारामनं केलेल्या लाकडी खणांतून ज्याचं त्याला जायचं. प्रत्येक स्टेन्सिल छपाईनंतर अंगणात जळू लागली. एकशे चौतीसपैकी एकशे एकोणतीस घरांतून यादी परत आली. वाचनालयातल्या प्रतींचा पत्ता लागला नाही, यादी कुणी फोडली तेही कळलं नाही. पण गप्प झालेल्या बायकांची कार्डं एकेक करून पुन्हा येऊ लागली.

त्या दुपारची गोष्ट मात्र अजून पुरी व्हायची आहे. माफीच्या ओळीखाली नानासोंना अंजनाचे चार शब्द हवे होते, म्हणजे बाकीच्या घरांतली भीती जाईल. ती सांगत गेली, ते टाइप करत गेले: ‘अकरा पत्रांचे कार्ड माझ्याकडे आले. मी एकही पत्र पाठवले नाही. तुम्हीही पाठवू नका.’ खाली आल्यावर नानासोंची बोटं थांबली. त्यांनी मान वर केली.

“पोरी, नाव घालू का?”

माझ्या ड्रमवर आजवर हजारो नावं चढली. असं विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. अंजनानं सासूकडे बघितलं. चंद्राबाई भाकरीचा शेवटचा तुकडा मोडत होती. तिनं मान हलवली.

“घाला,” अंजना म्हणाली. “गाव नगं. नाव घाला. आन माझं मालक फौजेत हायत, त्येबी घाला. ह्या बारीला माझं मी सांगत्येय.” मग ती पुढं झाली. “न्हाई तर असं करा. ती लोखंडी लेखणी माझ्याकडं द्या. नाव माझं मी लिवते.”

तिनं स्टेन्सिलवर वाकून स्वतःच्या हातानं लिहिलं. नानासोंनी हँडल फिरवलं, आणि मी ते टपोरं, बरोबर नाव एकशे चौतीस वेळा छापलं. इतकं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही केलं नाही.

मित्रांनो, मी थकले, पण माझ्यासारख्या मशीन जगात येतच राहतील, माझ्याहून चपळ, माझ्याहून मोठ्या. त्यांच्यापुढे बसाल तेव्हा तेल जरूर घाला, शाई सांडू देऊ नका. पण कागद चढवण्याआधी ज्याचं नाव आहे त्याला विचारा, ‘घालू का?’ आणि त्याचं उत्तर येईपर्यंत हँडलला हात लावू नका.