मिश्रीच्या सवयीनं

सारजाबाईचे दात काळे होते, आणि त्याचं तिला जन्मात कधी काही वाटलं नव्हतं. पारगावात तिच्या वयाच्या बायांत कुणाचे पांढरे होते? तंबाखू तव्यावर भाजावी, कुटावी आणि सकाळी ती मिश्री दातांवर चोळत झाडलोट, शेणगोठा उरकावा, अशी रीतच होती. मिश्री तोंडात असली की भांडण पुढं ढकलता येतं, असंही ती हसत सांगायची.

एका रविवारी आरती वसतिगृहावरून घरी आली. लेक अवसरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चांगल्या कंपनीत निवड झालेली, म्हणून येत्या शनिवारी कॉलेजात सत्कार होता आणि आईबापांनाही बोलावणं होतं. तिनं पिशवीतून एक ट्यूब काढली. सायबर कॅफेत इंटरनेटवर जाहिरात बघून मागवलेली. आठवड्यात मोत्यासारखे दात, आणि तेही पाण्याच्या भावात!

"आई, दोन मिनिटं लावायचं आन् चूळ भरायची," आरती म्हणाली. बोलताना तिनं आईकडं बघितलं नाही.

सारजाबाई काय समजायचं ते समजली. लेकीला आपली लाज वाटतेय. पण तिला राग काही आला नाही. ज्या लेकीसाठी एवढं केलं, तिच्यासाठी दातही पांढरे करू, त्यात काय, असं तिनं मनाशी ठरवलं.

पण सवय ती सवय. तोंडात घातलेलं दोन मिनिटांत थुंकून टाकायचं, हे तिला कधी माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ट्यूब बोटावर पिळली, मिश्रीसारखी हिरड्यांपर्यंत चोळली आणि तशीच तोंडात धरून म्हशीची धार काढली, शेण भरलं, अंगण झाडलं. चरचरायला लागलं तेव्हा तिला आनंदच झाला. औषध लागू पडतंय म्हणायचं!

दुपारी हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि ओठ सुजला. भाकरीचा तुकडा तोंडात घालवेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. नवऱ्यानं, हौशीरामनं, तिला मंचरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. फोन गेल्यावर आरतीही धावत तिथंच आली.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. "ह्यात काय घातलंय ते लिहिलेलं नाही. कुणी बनवलंय तेही नाही. दोनच मिनिटं लावली असती तरी मी नको म्हटलं असतं. मावशी, आधी हिरड्या बऱ्या होऊ द्या, मग दात मी साफ करून देते. आणि ती मिश्री सोडा आता."

बाहेर बाकावर बसल्यावर आरतीला रडू फुटलं. "आई, मैत्रिणी तुला बघून काय म्हणतील, असं वाटलं गं मला."

ठाऊक होतं, तरी ऐकल्यावर ते हिरड्यांपेक्षा जास्त झोंबलं.

"मंग म्या येत न्हाई," सारजाबाई कशीबशी बोलली. "तुझा बाप येईल."

"तू न्हाई आलीस तर मीबी सत्कार घेणार न्हाई."

शेवटी शनिवारी सारजाबाई गेली, सुजल्या ओठावर पदर धरून. कार्यक्रम संपला तशा आरतीच्या मैत्रिणी भोवती जमल्या. त्यातल्या समृद्धीनं काळजीनं विचारलं, "काकू, तोंडाला काय झालं हो?"

गांधीलमाशी चावली म्हटलं असतं तरी खपलं असतं. आरतीनं एकदा आईकडं बघितलं.

"माझ्यामुळं भाजलं," ती म्हणाली. "मला आईच्या दातांची लाज वाटली. म्हणून मीच काहीतरी स्वस्तातलं मागवून दिलं तिला."

आरतीची मान खाली गेली. सारजाबाईला लेकीची अशी माया आली की तिनं पदर सोडून तिला जवळ ओढलं.

"खोटं बोलती ही," काळे दात दिसत होते, ओठ ठणकत होता, तरी ती ठासून म्हणाली. "पोरीनं नीट सांगितलं व्हतं. मीच लई हावरी, सगळी ट्यूब एकदम चोळली."