शेवटचे दोन आटे
बोटीच्या सुकाणूचं चाक गंजून बसलं की शिव्यांनी निघत नाही; पण शिव्या न देता निघालेलंही कुणी पाहिलेलं नाही. मिस्त्री सकाळपासून त्या चाकाच्या सात पिढ्या उद्धारत होता. बोट होती त्याच्या मेव्हण्याची.

मेव्हणा बायकोला न्यायला आला होता. आठ दिवसांपूर्वी ती डावा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन भावाकडे, म्हणजे मिस्त्रीकडे आली आणि "जिन्यावरून पडले" म्हणाली. आता मोडकं चाक काढायचं, नवं बसवायचं, की दुपारी त्याच बोटीनं नवरा-बायको पलीकडच्या किनाऱ्यावर आपल्या घरी. मिस्त्रीनं याआधी दोनदा तिला असंच परत पाठवलं होतं. "जुळवून घे गं," म्हणाला होता शहाणा.

"चाकाचा आरा तुटला कसा, भावोजी?"

"धक्क्याला आपटली बोट. हात चालवा मेव्हणे, तोंड नको."

मिस्त्रीनं पान्यानं नट सैल केला आणि तुटक्या आऱ्याकडे वाकून पाहिलं. फटीत हिरवी लोकर अडकली होती. आईनं विणलेल्या स्वेटरची. बहिणीच्या त्या स्वेटरची डावी बाही उसवली होती. धक्क्यानं कशाला आरा तुटतोय! यानं आऱ्यांमध्ये तिचा हात घालून चाक पिरगाळलं होतं. आधी हाड मोडलं, मग तो कुजका आरा. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बापानं दोघा भावंडांना कामाचा पहिला धडा दिला होता: नट सैल करा, पण शेवटचे दोन आटे राहू द्या. अडकलेलं चाक सुटतं ते एकदम, आणि अडवायला नट नसला तर ओढणाऱ्याच्या थोबाडावर येतं. बापाचे पुढचे दोन दात या विद्येची फी म्हणून गेले होते. मेव्हण्याला बोट पळवता यायची, खोलता यायची नाही. तो खुर्चीत बसून, पाय समोर रोवून, दोन्ही हातांनी चाक ओढत होता. तोंड नटापासून वीतभर.

मिस्त्रीची बोटं नटावर गेली. एक फेरा. अजून एक. मग पोलीस आठवले, कोर्ट आठवलं, चार लोक आठवले. त्यानं नट पुन्हा दोन आटे आत फिरवला. शेपूट घातलं, दुसरा शब्द नाही. फळीवर बसलेली बहीण बघत होती.

चाकामागे पाचर लावून त्यानं वीस घाव घातले. चाक ढिम्म.

"कसले मिस्त्री तुम्ही!" मेव्हणा खेकसला. "ए, पाणी आण!"

तिनं आणलं. एका हातानं आणलं म्हणून थोडं सांडलं त्याच्या मांडीवर. त्यानं भावाच्या देखत तिच्या कानाखाली अशी ओढली, की ती बोटीच्या काठावर आदळली. ओठ फुटला. मिस्त्रीनं हातोडा उगारला.

"मारा की," मेव्हणा हसला. "पाचरीवर."

मिस्त्री दात खात मोठा घण आणायला वर्कशॉपमध्ये गेला. परत आला तेव्हा नटाच्या जागी फडकं बांधलेलं होतं.

"नट यांच्या हनुवटीला लागेल ना," बहीण म्हणाली. चांगल्या हातात तिनं पाचर धरली होती. "दादा, मी धरते. तू हाण. लहानपणी हाणायचास तसा."

फडक्याखाली नटाचा उंचवटा नव्हता. मिस्त्रीनं ते पाहिलं, आणि त्यानं पाहिलेलं तिनं पाहिलं. ती पाचर सोडेना.

"ओढा, भावोजी," मिस्त्री म्हणाला. "जीव खाऊन ओढा."

तिसऱ्या घावाला चाक सुटलं. जबडा मोडल्याचा आवाज वर्कशॉपच्या भिंतीवरून परत आला. मेव्हणा खुर्चीसकट मागे कोसळला, बोटीच्या पांढऱ्या तळावर रक्त आणि तीन दात. ओरडायला तोंड उघडेना, म्हणून तो नुसता घुमत होता.

बहिणीनं कमरेला खोचलेला नट काढून भावाच्या हातावर ठेवला. "नवं चाक बसव आणि याला पलीकडे दवाखान्यात पोचव. मी येत नाही."

"नाहीच यायचं," मिस्त्री म्हणाला. त्याला रडू फुटलं. "चुकलंच माझं. दोनदा चुकलं."

त्यानं नवं चाक बसवलं, नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला. ती धक्क्यावर उतरली. मेव्हणा रक्ताळलेलं बोट तिच्याकडे पुन्हा पुन्हा दाखवत होता.

"जुळवून घ्या, भावोजी," मिस्त्री म्हणाला आणि इंजिन चालू केलं.