वाळके दांडे

हेस्टर प्रोबर्टला गावात सगळे 'अळ्यावाल्या बाई' म्हणत. तिचा धाकटा भाऊ मर्विन ते ऐकून खुशाल हसायचा. त्याची बायको गेली तेव्हा टॅम्सिन रांगत होती, म्हणून हेस्टर लडलो शहरातली नोकरी सोडून त्याच्या शेतावर राहायला आली. पोरीला फिरवता फिरवता तिला झुडपांच्या कुंपणाचा नाद लागला. पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खात अळ्या पांढऱ्या नागमोडी रेघा काढतात. नुसती रेघ पाहून हेस्टर अळीची जात सांगायची.

टॅम्सिन मोठी होऊन तिचं लग्न ठरलं त्या शरदात कुंपणाच्या बुडाशी वाळलेल्या रानटी झाडांच्या दांड्यांत तिला एक अनोळखी अळी सापडली. ब्रिस्टलच्या एका कीटकांच्या जाणकाराने कळवलं, "अळीवरून नाव सांगता येणार नाही. तिची माशी होऊन बाहेर पडू द्या." घरात आणलेले दांडे बुरशीने गेले. उरलेले माशी बाहेर पडेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, जागेवर उभे राहायला हवे होते. तिने मर्विनला तसं बजावलंही.

फेब्रुवारीत ती दातांच्या डॉक्टरांकडून परत आली, तर कुंपण बुडापासून तासलेलं. चिखलात नुसता भुसा.

"मर्विन, सांगितलं होतं ना मी तुला?"

"अगं, माश्याच ना? गोठ्यात ढीगभर आहेत, हव्या तितक्या घे."

"कापायला कोणी सांगितलं?"

मर्विन बूट काढण्यात गुंतला. टॅम्सिनच बोलली, "मी सांगितलं, आत्या. लग्नाचा मांडव तिथेच पडणार. माझ्या सासरची माणसं येणार, आणि समोर काय, तर कुजके दांडे! तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

हेस्टरने हात धुतले आणि बटाटे सोलायला घेतले.

जूनमध्ये लग्न झालं. केक हेस्टरनेच केला होता. मांडवात नवऱ्यामुलाच्या आईने तिला विचारलं, "तुम्ही टॅम्सिनच्या कोण?"

हेस्टर तोंड उघडणार तोच टॅम्सिन म्हणाली, "बाबांची बहीण. आमच्याकडेच असते."

पाहुणे गेले, भांडी घासून झाली, आणि त्याच आठवड्यात हेस्टरने लडलोत दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. मर्विनला वाटलं, चार दिवसांत येईल परत. ती आली नाही.

पुढच्या वसंतात त्याचा फोन आला. "टॅम्सिनला दिवस गेलेत. बाळ सांभाळायला येशील ना, विचारतेय."

"गुडघे दुखतात म्हणावं," हेस्टर म्हणाली.

गुडघे तिचे ठणठणीत होते.